विचारून येतों

नरहरीअण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझी गाडी चिखलात होती आणि मी रागात. दोघीही पुरत्या रुतलेल्या.

माझं कोल्हापुरात समयांचं दुकान आहे. माल घ्यायला वर्षातून दोनदा मी नाचियार्कोविलला जाते. मुक्काम कुंभकोणमला, तिथूनच भाड्याची गाडी, आणि गाडी चालवणारी मीच. त्या दिवशी खरेदी उरकली, मागे अठरा समया भरल्या आणि सहज मनात आलं, तिरुनीलक्कुडीचं देऊळ बघून यावं. तिथल्या शंकरावर तिळाचं तेल ओततात आणि कितीही ओतलं तरी ते पिंडीत मुरतं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी स्वभावाने चौकस आहे. घरचे याला भोचकपणा म्हणतात. फोनने जवळचा रस्ता दाखवला आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

तो रस्ता नव्हताच. डावीकडे पाण्याचा कालवा, उजवीकडे भाताचं शेत आणि मधून बैलगाडीपुरती मातीची वाट. ऑक्टोबरचे दिवस, तिकडच्या पावसाचे. दोनशे पावलांवर मागची चाकं गरगरली आणि गाडी बसली.

पंधरा-वीस मिनिटांनी एक लुकडे म्हातारे गृहस्थ आले. वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, गुडघ्यावर खोचलेली, डोक्याला टॉवेल, खांद्यावर काथ्याच्या दोराचं वेटोळं. गाडीकडे न बघता त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, जेवलीस का?

"इथं माझा जीव चाललाय आणि ह्यांना जेवणाचं पडलंय," मी मराठीत पुटपुटले.

त्यांनी दोर खाली ठेवला. "जेवण झालें की नाहीं तें अधीं सांगा, बाई. रित्या पोटीं माणूस भलत्या ठायीं पाय ठेवतो."

मी बघतच राहिले. तमिळ गावातल्या चिखलात उभं राहून माझ्याशी कुणी मराठी बोलत होतं, आणि तीही माझ्या पणजीच्या पणजीने बोलावी तशी, वर तमिळ हेल.

"तुम्ही मराठी?"

"होय की. तंजावरच्या दरबारीं होतों आम्ही. तीनशें वर्षें झालीं. तुम्ही कोठल्या?"

"कोल्हापूर."

"अजून आहे की तें गांव?" त्यांनी मनापासून विचारलं.

मग ते गाडीभोवती फिरले. चाकं पाहिली, कालवा पाहिला आणि सगळ्यात जास्त वेळ उजवीकडचं शेत पाहिलं. "विचारून येतों," म्हणाले आणि नारळीच्या बागेआड नाहीसे झाले. परत आले ते मान हलवत. "ट्रॅक्टर आहे मजपाशीं. पण आज लावाया येत नाहीं."

"का?"

"नाहीं मण्टलं."

"कोण म्हणालं नाही?"

त्यांनी गाडीचं मागचं दार उघडून समया मोजायला घेतल्या. मी चिडले, विनवलं, पुन्हा चिडले. ते शांतपणे म्हणाले, "घाई वंडीस नसत्ये, बाई, माणसास असत्ये." वंडी म्हणजे त्यांच्या बोलीत गाडी. त्यांनी अठराच्या अठरा समया उतरवायला लावल्या, मला चपला काढून चिखलात उतरवलं, चाकांतली हवा कमी केली. दोन गड्यांना हाक मारून नारळीच्या झावळ्या आणि पेंढ्या आणवल्या आणि चाकांमागे एकेक अशा रचल्या की गाडीने आपल्या पायांनी वर चढावं. चार तास गेले. गाडी बाहेर आली ती मागच्या मागे, आले त्याच वाटेने. तेल मुरवणारा शंकर त्या खेपेला राहिला तो राहिलाच.

निघताना मी पैसे पुढे केले. "काशास? दोर घ्या थोडा. समया बांधाया लागेल की," ते म्हणाले. तेव्हा कळलं की त्या वाटेच्या तोंडाशी त्यांचं दोर आणि गोणपाटाचं दुकान आहे. तेव्हापासून माझ्या समया त्यांच्याच दोराने बांधून कोल्हापूरला यायच्या.

दोर मोजायला दुकानात फूटपट्टी नव्हती. मोजायचे ते स्वतःच्या हाताने, बोटांच्या टोकापासून छातीच्या मध्यापर्यंत, आणि शेवटी वीतभर जास्तीचा सोडून द्यायचे. गावातले सगळे त्यांना "रायर" म्हणत. तंजावरकडच्या मराठ्यांना तिकडे असंच म्हणतात. घराण्याबद्दल त्यांना मोठा अभिमान. त्यांचे पूर्वज म्हणे दरबारच्या हत्तीखान्यात होते, आणि काम काय, तर चिखलात रुतलेला हत्ती बाहेर काढायचं. याला पुरावा एकच, अण्णांचं सांगणं. पण सांगायचे ते असं, की काल संध्याकाळी हत्ती धुऊन घरी आलेत असं वाटावं.

"हत्ती ओढायाचा नाहीं," ते म्हणत. "ओढला की तो घाबरतो, अजून खोल जातो. त्यास पाय ठेवाया द्यायचें. झावळ्या टाका, ओंडके टाका आणि उगे उभे राहा. त्याचा तो येतो."

त्यांच्याकडे एक जुना लाल ट्रॅक्टर होता. गिऱ्हाइकांशी अण्णा तमिळ बोलत, पण ट्रॅक्टरशी मराठी. "चल गो बाई, ऊठ," असं म्हटल्याशिवाय तो सुरू होत नाही असं त्यांचं ठाम मत होतं. दरबारात हत्तींना हुकूम मराठीतच द्यायचे, मग ट्रॅक्टरने काय घोडं मारलं होतं? त्यांच्या पत्नी रुक्माबाई मला म्हणाल्या, "मजशीं येवढ्या गोडीनें कधीं बोलले नाहींत हे."

तर हे सगळं गंमतीचं. पण माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. अण्णा ठरवतात कसं?

कारण पुढच्या दोन-तीन वर्षांत माझ्या देखत तीन-चार गाड्या त्या वाटेवर फसल्या. फोन सगळ्यांना तीच वाट दाखवतो. एकदा जीपमधून आलेली टारगट पोरं होती. मोठ्याने गाणी, अण्णांना "ए पेरसु", म्हणजे "ए म्हाताऱ्या", अशी हाक. मला वाटलं, आता काही हे काढत नाहीत. अण्णा "विचारून येतों" म्हणून गेले, आले आणि दहा मिनिटांत ट्रॅक्टर लावून जीप बाहेर. दुसऱ्या खेपेला सालस जोडपं, हात जोडून उभं, गाडीत देवाच्या तेलाचे डबे. अण्णा विचारून आले आणि ट्रॅक्टर नाही म्हणाले. मग झावळ्या, पेंढ्या, अख्खी दुपार. बायको बिचारी तेलाचे डबे डोक्यावर घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेली.

मी तर्क बांधायला लागले. गोड बोलणाऱ्यावर यांचा राग असेल. मग वाटलं, वार बघत असतील. ट्रॅक्टरच नाठाळ असेल आणि हे लाजेने सांगत नसतील, असंही वाटून गेलं. शेवटी माझी खात्री झाली की हे घरी जाऊन विठोबाला कौल लावतात. घरात विठोबाची जुनी तसबीर होती, रोज तुळस वाहिलेली. गावातल्या लोकांचाही तोच समज. चहावाला मला म्हणाला होता, रायर सामीला, म्हणजे देवाला, विचारल्याशिवाय चावी फिरवत नाही.

मी रुक्माबाईंना विचारलं. त्या हसून हसून लोळायच्या राहिल्या. "विठोबास काय कळतें ट्रॅक्टरांतलें? ते सेल्वीस विचाराया जातात."

सेल्वी म्हणजे त्या वाटेच्या उजवीकडच्या शेताची मालकीण. शेत केवढं, तर दहा-बारा गुंठे. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन कुंभकोणमला. बाई एकटी राबते आणि वर्षाचा तांदूळ त्या तुकड्यातून काढते. गाड्या फसतात ती जागा नेमकी तिच्या बांधाला लागून. वाटेवर ट्रॅक्टरच रुतेल, पलीकडे कालवा, तेव्हा ट्रॅक्टर उभा राहणार तिच्याच शेतात. शेत मोकळं असलं, तर ती हो म्हणते. लावणी नुकतीच झालेली असली, तर नाही. माझी गाडी फसली त्याच्या तीन दिवस आधी तिने रोपं लावली होती. टारगट पोरं आली ती कापणी झाल्यावर. बस, एवढंच. माझे सगळे तर्क गाडीत बसलेल्या माणसांभोवती फिरत होते. शेतात कुणाचं काय उगवलंय, हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"पहिल्यापासून विचारत आलेत?" मी म्हटलं.

रुक्माबाईंनी हातातला तांदूळ निवडणं थांबवलं. "नाहीं. एकदां चुकले."

वऱ्हाडाची गाडी होती. मुहूर्त टळत होता, नवरा मुलगा आत बसून रडकुंडीला आलेला. अण्णांना दया आली. विचारायला न जाता त्यांनी ट्रॅक्टर सरळ शेतात घातला. गाडी निघाली, लग्नही लागलं. पण ट्रॅक्टरच्या चाकाने बांध फुटला, कालव्याचं पाणी आत शिरलं आणि आठ दिवसांची रोपं वाहून गेली. पुन्हा लावायला रोपं कुणाकडेच उरली नव्हती. त्या वर्षी सेल्वीने रेशनचा तांदूळ खाल्ला. अण्णा तिच्या दारात भाताची दोन पोती टाकून आले, तिने ती ढकलत परत दुकानाशी आणून ठेवली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "रायर, मला तुमचा तांदूळ नको. मला विचारायचं होतं." आणि वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. दोर लागला तर दुसऱ्या गावाहून आणायची.

"वर्षभर हे जेवतांना भाताकडे बघत बसत," रुक्माबाई म्हणाल्या.

गेल्या डिसेंबरात मी नाचियार्कोविलला गेले तेव्हा सेल्वीच्या शेतात लोंब्या बाहेर आल्या होत्या. दाणा अजून दुधात, कोवळा. तीन दिवस पाऊस लागून होता. मी सकाळी दोर घ्यायला दुकानात गेले आणि दोर मोजून होतो न होतो तोच एक तरुण धावत आला. नवी कोरी पांढरी गाडी वाटेवरून घसरली होती, मागचं डावं चाक कालव्याच्या काठाबाहेर. आत त्याचे वडील. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला तो त्यांना कुंभकोणमच्या दवाखान्यात नेई आणि त्या दिवशी दहाची वेळ होती. मुख्य रस्त्यावर झाड पडलं म्हणून त्याने ही वाट धरली होती.

अण्णा गेले, पाहून आले. झावळ्यांचं काम नव्हतं. गाडी पोटावर टेकली होती आणि पाणी चढलं की कालव्यात जाणार हे मलाही दिसत होतं. ट्रॅक्टरच हवा होता, आणि तो सेल्वीच्या भरल्या शेतात उभा करायला हवा होता.

"विचारून येतों," ते म्हणाले. आणि पाच मिनिटांत परत आले. सेल्वीच्या घराला कुलूप होतं. पहिल्या बसने ती मुलीकडे गेली होती, फोन लागत नव्हता.

अण्णा ट्रॅक्टरवर चढले. "चल गो बाई," म्हणाले. इंजिन सुरू झालं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू? माझ्या मनात आलं, म्हाताऱ्या माणसाच्या जिवापुढे भाताच्या चार ओळींचं काय? तो तरुणही तेच ओरडत होता, की जे नुकसान होईल ते मी भरून देतो. अण्णा स्टिअरिंगवर हात ठेवून शेताकडे बघत बसले. पाऊस त्यांच्या टॉवेलावरून गळत होता. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"तुझा बाप अडकला नाही," ते त्या मुलाला तमिळमध्ये म्हणाले, ते मला कळलं. "गाडी अडकली आहे."

नंतर जे झालं ते फार पटकन झालं. अण्णांनी दुकानातलं गोणपाट काढलं, दोन बांबूंना दोराने बांधलं, आणि चौघांनी मिळून त्या वडिलांना वाटेच्या तोंडापर्यंत उचलून आणलं. माझी गाडी तिथे उभीच होती. आतल्या रस्त्यांनी, अण्णांचा गडी शेजारी बसवून, मी त्यांना दवाखान्यात पोचवलं. दहाला पाच कमी होते. मुलगा मात्र बापाबरोबर आला नाही, गाडीजवळ राहिला. त्याचा राग मी समजू शकते. कर्ज काढून घेतलेली गाडी डोळ्यांदेखत बुडताना कोण सोडून जाईल?

मी परत आले तेव्हा दुपार झाली होती. पाणी चाकाच्या वर आलं होतं. मुलगा अण्णांना नाही नाही ते बोलत होता, जमलेले चार लोकही त्याच्याच बाजूने झाले होते. चहावाला म्हणाला, रायर, ती बाई काय महाराणी आहे? अण्णा बांधावर उकिडवे बसले होते. त्यांनी एका दोराने गाडी नारळीला बांधून ठेवली होती आणि दोराचं दुसरं टोक हातात धरलं होतं. चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मी त्यांना विचारलं, "अण्णा, गाडी गेली तर?"

"तर मी त्याचा अपराधी," ते म्हणाले. "पण तिला पुसल्यावांचून शेतांत गेलों, तर दुसऱ्यांदां तिचा अपराधी. पहिला अपराध आज होईल की नाहीं ठाऊक नाहीं. दुसरा ठाऊक आहे."

दीडच्या बसने सेल्वी आली. काळीसावळी, ठेंगणी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी पावसासाठी. गर्दी बघून तिची पावलं मंदावली. तिने आधी शेताकडे पाहिलं. शेत उभंच होतं, एक काडी आडवी नव्हती. मग तिने गाडी पाहिली, ताणलेला दोर पाहिला आणि शेवटी अण्णांना.

"कधीपासून बसलात?"

"सकाळी साडेनवापासून," चहावाल्याने सांगितलं.

अण्णा उठून उभे राहिले आणि तिला नीट विचारलं. मुलाचे वडील, दवाखाना, गाडी, सगळं सांगून, मोठ्या माणसाला विचारावं तसं. तिने ऐकून घेतलं. घरात गेली आणि विळा घेऊन आली.

साडी खोचून ती शेतात उतरली आणि आपलं दुधातलं भात आपल्या हाताने कापायला लागली. बांधापासून आत, ट्रॅक्टरच्या रुंदीची एक पट्टी. कापलेलं भात तिने फेकलं नाही, आणून गाडीच्या चाकांपुढे अंथरलं, ट्रॅक्टर उभा राहायचा तिथे अंथरलं. मघापासून ओरडणाऱ्या त्या मुलाने पँट वर दुमडली. थोड्या वेळाने तोही उतरला आणि ती कापील ते वाहायला लागला. अण्णांच्या डोळ्यांना धार लागली होती. पाऊस थांबलेला होता, त्यामुळे ती लपली नाही.

"चल गो बाई, ऊठ," ते ट्रॅक्टरला म्हणाले.

गाडी निघाली. मुलगा सेल्वीच्या पाया पडायला वाकला, तर ती म्हणाली, बापाला आणायला जा आधी.

चैत्रात रुक्माबाईंचा फोन आला. अण्णा दुपारी जेवून, दुकानात दोराच्या वेटोळ्यावर डोकं टेकून झोपले ते उठले नाहीत. ट्रॅक्टर त्यांच्या मुलाने विकला. समया बांधायला मी अजून त्यांचाच दोर वापरते. शेवटचं वेटोळं आहे, पुरवून पुरवून वापरते.

माझ्या डोळ्यांपुढे ते येतात ते त्या डिसेंबरातल्या त्याच संध्याकाळचे. मला कुंभकोणमला रेल्वे गाठायची होती म्हणून निरोप घ्यायला वाटेवर गेले. सगळे पांगले होते. ट्रॅक्टरच्या दोराने कापलेल्या पट्टीच्या कडेचं भात आडवं केलं होतं, लोंब्या पाण्याला टेकल्या होत्या. अण्णा गुडघाभर चिखलात वाकून एकेक मूठ भात उभं करत होते आणि बारीक काथ्याच्या दोरीने चार मुठींची एक अशी जुडी बांधत होते, म्हणजे दाणा सडणार नाही. सेल्वी बांधावर बसून होती. इतकं आवळू नका, मोडेल, म्हणून त्यांना रागावत होती.

माझ्याने राहवलं नाही. मी चपला काढल्या आणि एक पाय शेतात टाकायला गेले.

"थांबा बाई," अण्णा वर न बघता म्हणाले. "अधीं तिला विचारा."

मी सेल्वीला विचारलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं आणि नको म्हणाली.

मग मी बांधावरच उभी राहिले. अण्णा एक जुडी बांधायचे, दोरी दाताने तोडायचे आणि पुढच्या मुठीकडे सरकायचे.